पुदुकोट्टैच्या सायकली

घोड्यावर बसलेल्या स्त्रीचे आपल्या मराठी घरांना कधी वावडे नव्हते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणात यशवंतराव होळकरांची लेक भीमाबाई घोड्यावरून लढली, ही कथा इंदूरच्या जुन्या घरांत आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. झाशीच्या राणीला १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला वीरमरण आले, तेही घोड्यावर लढताना. पाठीशी मूल बांधलेली ही राणी आपण कॅलेंडरवर छापतो. गणेशोत्सवातल्या वेशभूषा स्पर्धेत दरवर्षी निदान दोन-तीन छोट्या राण्या पुठ्ठ्याची तलवार परजत मंचावर येतात आणि टाळ्या घेऊन जातात. देवींचे तर विचारूच नका, त्यांना वाघ-सिंहांपासून मोरापर्यंत सगळी वाहने चालतात. पण याच घरांतली एखादी सून साठ-सत्तर वर्षांपूर्वी पदर खोचून सायकलवर टांग मारू लागली असती, तर सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचे डोळे पांढरे झाले असते.

आम्हाला याचे कारण असे दिसते, की घोडा राणीचा असतो आणि राणी एकच असते. अपवादाला हार घालता येतो, आणि ‘ती राणी होती बाई’ असे म्हणून बाकीच्यांना घरात बसवताही येते. सायकलीचे तसे नाही. ती पोस्टमनची असते, दूधवाल्याची असते, शाळेतल्या मास्तरांची असते. ती एकीला चालली तर उद्या गल्लीतल्या सगळ्याजणींना चालेल, ही धास्ती पुरुषांना (आणि खरे सांगायचे तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनाही) बरोबर कळली होती.

तेव्हा आजचा हा लेख एकट्या वीरांगनेविषयी नाही. तशी वीरांगना आपल्याकडे आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये वयाच्या विशीत १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण आम्हाला सांगायची आहे ती तमिळनाडूतल्या एका कोरड्या जिल्ह्यातल्या लाखभर बायकांची गोष्ट. त्यांतल्या बहुतेकींची मजल शेजारच्या गावापर्यंत किंवा बाजारापर्यंत होती. आमच्या मते इतिहासात या लाखभर बायकांचे वजन अधिक आहे.

ज्या वाचकांची मुले किंवा नातवंडे सीबीएसईच्या शाळेत शिकली, त्यांच्या घरात ही गोष्ट नकळत येऊन गेली असेल. आठवीच्या हिंदीच्या ‘वसंत’ या पुस्तकात बरीच वर्षे ‘जहाँ पहिया है’ नावाचा धडा होता. तो पत्रकार पी. साईनाथ यांच्या लेखाचा अनुवाद. मूळ लेख त्यांच्या १९९६ साली निघालेल्या इंग्रजी पुस्तकातला. ते पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आले आहे. प्रश्नोत्तरांपुरता वाचला गेला की धड्यातला जीव निघून जातो, म्हणून ही हकिकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

त्याआधी थोडे मागे जाऊ. आज आपण ज्याला सायकल म्हणतो, म्हणजे दोन सारखी चाके, मधे पायडल आणि मागच्या चाकाला चेन, ती इंग्लंडात १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ या नावाने बाजारात आणली. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे चिमुकले; त्यावर चढणे हा सर्कशीचाच प्रकार होता. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि हाडे खिळखिळी करणारी ही वस्तू बसण्याजोगी झाली. पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या हजारो बायका सायकलवर बसल्या, आणि लगेच डॉक्टरांना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. वर्तमानपत्रांतून ‘सायकली चेहरा’ नावाचा एक विकारच गाजवला गेला. सायकल चालवणाऱ्या बाईचा चेहरा म्हणे ताणला जातो, डोळे बाहेर येतात आणि तो तसाच राहतो! असा चेहरा झालेली बाई पुढे कुणाला सापडली नाही ते सोडा.

कपड्यांवरून तर खटलाच झाला. सायकलवर घेरदार झगा चाकात अडकतो म्हणून लेडी हार्बर्टन नावाच्या उमराव घराण्यातल्या बाई तोकडी विजार घालून फिरत. १८९८ मध्ये ऑकहॅम गावच्या एका हॉटेलाने त्यांना त्या वेशात कॉफीच्या दालनात बसू देण्यास नकार दिला. सायकलस्वारांची संघटना त्यांच्या बाजूने न्यायालयात गेली आणि १८९९ मध्ये हरली. त्याच्या दोन वर्षे आधी, २१ मे १८९७ रोजी, केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदवी द्यावी की नाही यावर मतदान होते. विरोधात जमलेल्या विद्यार्थ्यांनी चौकात एक बाहुली टांगली. ती बाहुली कशी होती? सायकलवर बसलेल्या बाईची. ठराव फेटाळला गेला, बाहुलीच्या चिंध्या झाल्या, आणि त्या स्त्रियांच्या कॉलेजच्या फाटकातून आत कोंबण्यात आल्या. पदवीचा प्रश्न होता आणि राग सायकलवर निघाला, यावरून त्या मुलांना या दोन गोष्टींचे नाते नीट उमगले होते असे म्हणावे लागते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली.

याच काळात अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलार्ड या दारूबंदी चळवळीच्या नेत्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यावर त्यांनी छोटेसे पुस्तक लिहिले. पुस्तकात स्वतःची फुशारकी थोडी आणि सायकल धरायला आलेल्यांची चर्चा जास्त आहे. कोण घट्ट धरत होते, कोण घाबरवत होते, कुणाच्या हातात धरताना धीर वाटला. आम्हाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. सायकल ही एकट्याने चालवायची वस्तू असली, तरी एकट्याने शिकायची मुळीच नाही. ज्या बाजूला सायकल कलते त्याच बाजूला हँडल वळवायचे असते, आणि घाबरलेले मन नेमके उलट सांगत असते. हे कुणी तोंडाने समजावून जमत नाही. मागे कॅरियर धरून धावणारे कुणीतरी लागते, आणि योग्य क्षणी न सांगता ते सोडून देणारेही तेच लागते. आपल्यापैकी ज्या शिकल्या त्या अशाच शिकल्या. कुणी दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारत, कुणी तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर, मागे दादा ओरडतोय ‘धरलंय, धरलंय’, आणि प्रत्यक्षात तो वीस हात मागे उभा.

ज्यांना भाऊ नव्हता, किंवा होता पण मागे धावायला तयार नव्हता, त्या राहून गेल्या. खेड्यांत तर जवळजवळ सगळ्याच राहून गेल्या.

आता तमिळनाडूकडे वळू. तंजावरचे नाव आपल्याला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापली, आणि १८५५ पर्यंत मराठी राजघराणे तिथे नांदले. सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा लांबलचक मराठी शिलालेख ही त्याची साक्ष. आपल्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर मुळे धरलेली ती मराठी माणसे. या तंजावरच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर पुदुकोट्टै. तिथे तोंडैमान राजांचे छोटे संस्थान होते. शेजारी म्हटल्यावर तंजावरच्या मराठ्यांशी त्यांचे अधूनमधून वाजत असेच. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९७४ मध्ये पुदुकोट्टै हा वेगळा जिल्हा झाला. तंजावरला कावेरीचे पाणी आणि भाताची हिरवीगार खाचरे. पुदुकोट्टैला ते भाग्य नाही. पावसावरची शेती, जुने तलाव, दगडाच्या खाणी. १९९१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातेरा लाख होती. बायका शेतात आणि खाणीत राबत, पाणी दूरवरून आणत, आणि बाजारात किंवा दवाखान्यात जायचे तर बसची वाट पाहत बसत. बस आली नाही, तर चालत.

देशात तेव्हा साक्षरतेचे वारे होते. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळातला एर्नाकुलम हा पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा मोहिमा निघाल्या. आपल्या सिंधुदुर्गातही निघाली. पुदुकोट्टैतल्या मोहिमेचे नाव ‘अरिवोळि इयक्कम’, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ. १९९१ मध्ये ती जोरात सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत, आणि त्यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे प्राध्यापक व्यंकटेश आत्रेय यांच्यासारखी मंडळी होती. या दोघांनी पुढे या मोहिमेवर एक पुस्तकही लिहिले.

सरकारी मोहीम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते ते सांगायला नको. फलक, भाषण, हारतुरे, आणि शेवटी टक्केवारी. इथे वेगळे काय झाले? शिकवणाऱ्यांत आणि शिकणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. वर्ग संध्याकाळी, दिवसभराचे काम आटोपल्यावर. शिकवणारीला एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायचे, आणि मोहिमेची देखरेख करणारीला तर दहा गावे फिरायची. अक्षर शिकवायला निघालेली बाई बसथांब्यावरच अडकून पडते. तेव्हा चुंकत यांनी सायकल हा साक्षरतेचाच भाग करून टाकला. जसे सही करायला शिकायचे, तसे सायकल चालवायला शिकायचे. त्यांनी प्रत्येक तालुक्याला या कामाची जबाबदारी वाटून दिली, आणि कार्यकर्त्या स्त्रियांना सायकल घेण्यासाठी बँकांकडून कर्ज मिळेल अशी व्यवस्था केली. ही कर्जाची बाब लहान वाटते पण ती नसती तर सगळे मैदानावरच संपले असते. चालवायला आली, आणि घरी सायकल एकच, ती नवऱ्याची आणि तो सकाळी घेऊन गेलेला, तर शिकण्याला काय अर्थ?

शिबिरे गावोगाव झाली. किळकुरिची नावाच्या गावातल्या एका रविवारच्या शिबिराचे वर्णन साईनाथांनी केले आहे. शिकायला आलेल्या सगळ्या बायका ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. आम्हाला हा तपशील फार बोलका वाटतो. सायकल शिकायची म्हणजे पडणे, खरचटणे, ग्रीसचे डाग. तरीही चांगली साडी. एरवी त्या घराबाहेर पडत त्या कामाला, लग्नाला किंवा देवळात. स्वतःसाठी काही शिकायला म्हणून बाहेर पडण्याचा पोशाख कोणता, हे ठरवायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. मोहिमेने सायकलीवर गाणीही रचली होती, आणि ती गाणी म्हणत शिकणे चाले.

टवाळी झालीच. रस्त्याने जाणाऱ्या बाईला उद्देशून घाणेरडे बोलणारे पुरुष जसे सगळीकडे असतात तसे तिथेही होते. घरातूनही विरोध झाला. त्यातून जिथे बाहेर पडण्याची बंधने अधिक कडक, त्या घरांतल्या मुलींना तर दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागले. पण त्यातल्याही कितीतरी जणी सायकलवर बसल्या. यात आम्हाला संख्येचे गणित दिसते. रस्त्यावर एक बाई सायकलवर असेल तर सगळा गाव तिच्याकडे बघतो. दहा असतील तर त्या एकमेकींकडे बघतात. शंभर असतील तर टवाळ पोरालाच रस्त्याच्या कडेला व्हावे लागते. ८ मार्च १९९२ रोजी, महिला दिनी, पंधराशेच्या वर बायका हँडलला झेंडे लावून, घंटा वाजवत पुदुकोट्टै शहरातून सायकलींवर निघाल्या. गावातल्या लोकांनी असे दृश्य पाहिले नव्हते. त्या पंधराशेंत घरी काय उत्तर द्यायचे याची चिंता असलेल्या कितीतरी असतील. पण घरी येऊन जाब विचारणारा पंधराशे घरांत जाणार कसा?

दीड-दोन वर्षांत जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, आणि सत्तर हजारांहून अधिक जणींनी जाहीर प्रात्यक्षिकांत आणि शर्यतींत भाग घेतला, असे आकडे साईनाथांनी दिले आहेत. दहा वर्षांखालच्या मुली वगळल्या तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा, असा त्यांचा हिशेब. आकड्यांविषयी संशय घेण्याची आम्हाला सवय आहे, आणि मोहिमांच्या आकड्यांविषयी तर घ्यावाच. पण इथे दुकानदार साक्षीला आहे. एका सायकल विक्रेत्याकडे लेडीज सायकलींची विक्री एका वर्षात साडेतीनशे टक्क्यांनी वाढली. साईनाथ म्हणतात, हा आकडाही कमीच असावा. कारण विचारायला आलेला हा पाहुणा विक्रीकर खात्याचा छुपा माणूस असेल, या भीतीने दुकानदार जपून बोलत होता!

दुसरेही एक कारण होते, आणि ते आम्हाला सर्वांत आवडते. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा बायकांनी सरळ पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढे तर काहीजणी त्याच पसंत करू लागल्या. का? तर मधल्या दांडीवर मूल बसवता येते. केंब्रिजचे आणि ऑकहॅमचे सगळे रामायण ज्या दांडीवरून आणि झग्यावरून झाले, ती दांडी पुदुकोट्टैच्या बाईने मुलाची बैठक करून टाकली. पुढे दांडीवर एक पोर, मागे कॅरियरला दुसरे, आणि त्यातच पाण्याच्या दोन-तीन कळशा बांधलेल्या, असे दृश्य तिथल्या रस्त्यांवर दिसू लागले. लेडीज सायकल ही ज्या कारखानदाराने बनवली, त्याच्या डोळ्यांपुढे कॉलेजात जाणारी मुलगी असावी; कळशी आणि दोन पोरे नक्की नव्हती.

पण एवढ्या बायकांना शिकवले कोणी? मोहिमेने नेमलेल्या शिक्षकांनी सुरुवात केली, एवढेच. ज्या शिकल्या त्या पुढच्या रविवारी परत आल्या, दुसऱ्या कुणाचे तरी कॅरियर धरायला. फुकट. कुणी सांगितले नसताना. गेल्या रविवारी जी पडली होती, तीच या रविवारी ‘धरलंय’ म्हणून मागे धावू लागली. साईनाथांना या स्त्रियांशी बोलताना जाणवले ते असे, की आपण शिकलो एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते; प्रत्येक बाईला हे आले पाहिजे असे त्यांना वाटत होते. आम्ही मघाशी भावाविषयी लिहिले. पुदुकोट्टैने केले ते हे, की भावाची गरजच उरू दिली नाही. मागे धावणारी व्यक्ती नात्याची असावी लागत नाही, फक्त थोडी आधी शिकलेली असावी लागते. लाखाचा आकडा यातून आला. नुसत्या सरकारी शिक्षकांच्या बळावर तो दहा वर्षांतही आला नसता, असे आमचे मत आहे.

रोजच्या जगण्यात काय बदलले? पहिली गोष्ट वेळ. खेड्यातल्या बाईला शेतमाल विकायला जायचे, तर बसथांब्यापर्यंत चाल, तिथे वाट, उतरल्यावर आणखी दोन गावे करायची असतील तर पुन्हा वाट, आणि माल खपो न खपो, स्वयंपाकाच्या वेळेआधी घरी. पोरे सांभाळायची, पाणी भरायचे. सायकलीने हे तास परत दिले. दुसरी गोष्ट, विचारावे लागणे थांबले. वडील, भाऊ, नवरा, मुलगा यांपैकी कुणीतरी मोकळा असेल तेव्हा दवाखाना, ही अट गेली. याच काळात काही दगडखाणींचे पट्टे स्त्रियांच्या गटांना देण्यात आले. कालपर्यंत ठेकेदाराच्या हाताखाली खडी फोडणाऱ्या बायका स्वतः हिशेब ठेवू लागल्या, आणि खाणीपासून बँकेपर्यंत, बँकेपासून कचेरीपर्यंत त्यांची ये-जा सुरू झाली. अक्षर, हिशेब आणि चाक या तीन गोष्टी एकमेकींना धरून आल्या. त्यांतली एक काढली असती तर बाकीच्या दोन लंगड्या पडल्या असत्या. युनिसेफने हे पाहून मोहिमेतल्या कार्यकर्त्या स्त्रियांसाठी पन्नास मोपेड मंजूर केल्या.

सगळे गोडच झाले असे कुणी समजू नये. गरीब घरात सायकल एकच असते, आणि एक असली की ती कुणाची हे ठरलेलेच असते. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, मोहिमा संपतात. चुंकतबाईंचीही बदली झाली. जोर ओसरला. मात्र बाई सायकलवर दिसली म्हणून मान वळवण्याचे दिवस त्या जिल्ह्यात पुन्हा आले नाहीत.

पुढचा इतिहास सरकारी योजनांचा आहे, आणि तो थोडक्यात सांगता येतो. तमिळनाडूने शाळकरी मुलींना मोफत सायकली देण्यास सुरुवात केली. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुले-मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत झाली. बिहारमधल्या मुलीही घोळक्याने शाळेत जात, एकेकट्या नव्हे. वर्गातल्या सगळ्याजणींना एकाच वेळी सायकल मिळाल्याचा हा फायदा. आपल्या मध्य प्रदेशातही दुसऱ्या गावातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सरकार सायकल देते. देपालपूर किंवा सांवेरच्या रस्त्याला सकाळी गेलात, तर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची रांग दिसते. मोटारवाल्याने कितीही हॉर्न वाजवला तरी ती मोडत नाही.

आणि आपण, इंदूर शहरातले? २००७ ते २०१७ या दहा वर्षांत शाळेला सायकलने जाणाऱ्या ग्रामीण मुलींचे प्रमाण देशात दुपटीहून अधिक झाले. शहरांत मात्र फारसे हलले नाही. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग इथल्या कुठल्याही इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहावे. दहावीपर्यंत चाललेली आणि मग ट्यूब बसलेली, धूळ खाणारी मुलीची सायकल तिथे असतेच. यावर कुणी म्हणेल, आमच्या लेकी-सुना सरळ ॲक्टिव्हावर बसल्या, आता सायकलीचे काय घेऊन बसलात? म्हणणे खरे आहे, आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्या लहानपणी सायकल शिकल्या त्याच बहुतेक स्कूटर शिकल्या. तोल एकदा अंगात मुरला की इंजिन हा दोन दिवसांचा प्रश्न असतो. तोच नसेल तर नवी कोरी स्कूटर अंगणात उभी राहते आणि शेवटी ती मुलगा वापरतो. पुदुकोट्टैतही मोपेड आल्या त्या सायकलीनंतर.

ज्या दोन्हींपासून राहून गेल्या, त्या आमच्या पिढीतल्या आणि तिच्या आगेमागे असलेल्या भगिनी आहेत. मंडळाचा कार्यक्रम रात्री साडेआठला रंगात आला, की त्या घड्याळ बघू लागतात. नाटकाचा तिसरा अंक राहतो, कीर्तनाचा उत्तररंग राहतो. चौकशी केली तर उत्तर ठरलेले, ‘सोडायला कोण येणार?’ साठीच्या बाईने रात्री सायकल चालवत घरी जावे, असे या शहराची रहदारी पाहून आम्हीही म्हणणार नाही. पण भाजी आणायला, बँकेत, भजनी मंडळात, नातवाला शाळेतून आणायला जायचे, तर ते दिवसाउजेडीच असते आणि बहुतेक वेळा दोन-अडीच किलोमीटरच्या आत असते. रविवारी सकाळी सहा ते सात या वेळात वसाहतींची मैदाने रिकामी असतात. क्रिकेटवाली मुले आठशिवाय उगवत नाहीत. सीट खाली केलेल्या दोन सायकली, आणि आधी शिकलेल्या चौघीजणी. जिन्याखालच्या सायकलीत हवा भरायला दहा-वीस रुपये लागतात.

बऱ्याच भगिनी यावर हसून ‘आता या वयात?’ म्हणतात. फ्रान्सिस विलार्ड त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्या रोज दहा-पंधरा मिनिटेच सराव करीत, आणि सायकलवर नीट बसून फिरू लागायला त्यांना तीनेक महिने लागले.